शालेय शिक्षणातील भारतीय वारसा आणि विश्वदृष्टी : शांतिनिकेतनच्या प्रयोगाची चिकित्सा

प्रस्तावना

शहरी व निमशहरी भागांतील अनेक शाळांच्या माहितीपुस्तिकांत एक उद्दिष्ट हमखास नोंदविलेले आढळते. भारतीय मूल्यांची जपणूक आणि जागतिक दृष्टिकोन यांचा मेळ घालून विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास साधणे, हे ते उद्दिष्ट होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही भारतीयत्वाचा अभिमान आणि वैश्विक नागरिकत्व यांचा उच्चार एकत्रच झाला आहे. या उद्दिष्टाविषयी फारसा मतभेद संभवत नाही. प्रश्न निर्माण होतो तो त्याच्या दोन अंगांमधील संबंधाविषयी. व्यवहारात प्रार्थना, योगासने, पारंपरिक वेशभूषा दिन, संतांच्या जयंत्या या गोष्टी वारशाच्या खात्यात जमा होतात. इंग्रजी माध्यम, संगणक आणि परदेशी परीक्षामंडळांशी संलग्नता या गोष्टी जगाच्या खात्यात. या दोन खात्यांची बेरीज म्हणजेच समन्वय, असे सर्रास गृहीत धरले जाते.

या गृहीतकाची तपासणी करण्यासाठी प्रस्तुत लेखात रवींद्रनाथ ठाकूर यांच्या शांतिनिकेतन येथील शाळेचा विचार केला आहे. ही निवड तिच्या कीर्तीमुळे केलेली नाही. १९०१ ते १९४१ या चार दशकांत एकाच संस्थापकाच्या हयातीत ही शाळा प्राचीन आश्रमाच्या आदर्शापासून विश्वभारतीपर्यंत पोहोचली. या वाटचालीतील यशाइतकेच तिच्यातील अंतर्विरोधही नोंदले गेले आहेत. वारसा आणि विश्व यांची सांगड घालताना काय सोडावे लागते, काय नव्याने घडवावे लागते आणि कोण वगळले जाण्याचा धोका असतो, हे या प्रयोगातून स्पष्ट होऊ शकते.

तपोवनाचा आदर्श आणि त्याचे ओझे

रवींद्रनाथांचा शिक्षणविचार शाळेच्या स्थापनेपूर्वीच आकारास आला होता. १८९२ सालच्या ‘शिक्षार हेरफेर’ या निबंधात त्यांनी परक्या भाषेतून दिल्या जाणाऱ्या शिक्षणाची मीमांसा केली. मुलाची भाषा एकीकडे, त्याचे जगणे दुसरीकडे आणि पुस्तकी ज्ञान तिसरीकडे, अशी जी फारकत वसाहतकालीन शाळेत होत होती ती त्यांना सर्वाधिक घातक वाटत होती. २२ डिसेंबर १९०१ रोजी शांतिनिकेतन येथे पाच विद्यार्थ्यांनिशी सुरू झालेले ब्रह्मचर्याश्रम हे या फारकतीला दिलेले पहिले उत्तर होते. शाळा चालविण्यासाठी रवींद्रनाथांना पुरी येथील घर विकावे लागले; पत्नी मृणालिनीदेवी यांचे दागिनेही या कामी खर्ची पडले.

हे पहिले उत्तर मात्र पुनरुज्जीवनवादी होते. उघड्या आकाशाखाली अध्ययन, साधी राहणी आणि गुरुशिष्यांचा सहवास ही त्याची उजळ बाजू होय. त्याचबरोबर वर्णभेदानुसार भोजनाच्या वेगळ्या पंगतीही तेथे आल्या. ब्राह्मण विद्यार्थ्याने ब्राह्मणेतर शिक्षकाच्या पायांना स्पर्श करून नमस्कार करावा की नाही, हा प्रश्न १९०२ साली उपस्थित झाला तेव्हा रवींद्रनाथांनी रूढीशी तडजोड केली. विशेष म्हणजे या प्राचीन वळणाच्या आश्रमाची घडी बसविण्यात पुढाकार घेणारे ब्रह्मबांधव उपाध्याय हे स्वतः कॅथलिक पंथ स्वीकारलेले संन्यासी होते. ‘शुद्ध’ प्राचीन आदर्शाच्या उभारणीतही आधुनिक काळाची सरमिसळ होतीच.

या प्रसंगाचे महत्त्व शांतिनिकेतनपुरते मर्यादित नाही. गुरुकुल ही कल्पना शाळेत आणायची तर त्यातील सहवास, संयम आणि निसर्गसान्निध्य तेवढे येईल आणि अधिकारभेद दाराबाहेर थांबेल, असे आपोआप घडत नाही. वारसा ही निवडून ठेवलेल्या मौल्यवान वस्तूंची पेटी नसते. त्यात ज्ञान आणि अन्याय एकत्र नांदत असतात. त्यांना वेगळे करण्याचे काम शिक्षणसंस्थेला जाणीवपूर्वक करावे लागते, आणि ते केले नाही तर परंपरेच्या नावाखाली नेमके तेच टिकून राहते जे टिकू नये.

वारशाची फेरमांडणी

रवींद्रनाथांच्या विचारात पुढील दशकात झालेला बदल या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १९०५ च्या वंगभंगविरोधी चळवळीत ते आरंभी अग्रभागी होते. स्वदेशीच्या आग्रहाचा भार गरीब, विशेषतः मुसलमान शेतकऱ्यांवर पडतो आहे, हे ध्यानी आल्यावर ते त्या चळवळीपासून दूर झाले. १९१० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या ‘गोरा’ या कादंबरीत हिंदुत्वाचा कट्टर अभिमान बाळगणारा नायक जन्माने आयरिश असल्याचे उघड होते. भारतीयत्व जन्मावर ठरते की स्वीकारावर, हा प्रश्न त्या कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे, आणि शाळेच्या बदलत्या स्वरूपाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

या काळात ‘वारसा’ या शब्दाची शांतिनिकेतनातील व्याप्ती बदलत गेली. १९०८ साली आलेल्या क्षितिमोहन सेन यांच्या अभ्यासामुळे कबीरादी संतांची वाणी आणि बाउलांची गाणी तेथील विचारविश्वात आली. उपनिषदांच्या जोडीला लोकपरंपरा आणि मध्ययुगीन भक्तिपरंपरा यांनाही अधिकृत स्थान मिळाले. महाराष्ट्रातील वाचकाला ही घटना जवळची वाटावी अशी आहे, कारण वारकरी परंपरेने ज्ञानाचा अधिकार संस्कृतातून लोकभाषेत आणण्याचे कार्य कितीतरी शतके आधी केले होते. संगीताच्या क्षेत्रात तर मराठी हातभारही लागला. भीमराव शास्त्री हसूरकर यांनी शांतिनिकेतनात अभिजात संगीताचे अध्यापन केले.

उत्सवांच्या बाबतीत ही फेरमांडणी अधिक ठळकपणे दिसते. १९२८ साली सुरू झालेले वृक्षारोपण आणि हलकर्षण हे उत्सव जुन्या अर्थाने परंपरागत नव्हते. वेदमंत्र, नृत्य, अलंकरण आणि ऋतुभान ही सामग्री परंपरेतील होती. मात्र उत्सवाचा हेतू उजाड माळरानावर झाडे वाढविणे आणि नांगर धरणाऱ्या हाताला प्रतिष्ठा देणे हा होता. परंपरेच्या भाषेत नवी मूल्ये बोलू शकतात, याचा हा सशक्त पुरावा आहे. शाळेतील ‘सांस्कृतिक दिन’ आणि असा उत्सव यांतील भेद येथे लक्षात येतो. पहिल्यात परंपरा प्रेक्षकांपुढे सादर होते, दुसऱ्यात ती एका सामूहिक गरजेच्या कामी येते.

विश्वदृष्टी : परस्परता आणि मातृभाषा

१९१६-१७ मध्ये जपान व अमेरिका येथे दिलेल्या व्याख्यानांत रवींद्रनाथांनी आक्रमक राष्ट्रवादावर कठोर टीका केली. युरोप महायुद्धात होरपळत असताना त्यांनी आपल्या शाळेचे रूपांतर एका विश्वसंस्थेत करण्याचा संकल्प केला. डिसेंबर १९१८ मध्ये विश्वभारतीची कोनशिला बसविली गेली आणि २३ डिसेंबर १९२१ रोजी संस्थेचे औपचारिक लोकार्पण झाले.

या विश्वदृष्टीची दोन वैशिष्ट्ये आजच्या चर्चेत सहसा निसटतात. पहिले वैशिष्ट्य परस्परतेचे आहे. १९२१ मध्ये आलेले फ्रेंच प्राच्यविद्यापंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी चिनी आणि तिबेटी अध्ययनास चालना दिली. तान युन-शान यांच्या प्रयत्नांतून १९३७ साली चीनाभवन उभे राहिले. जपानी शिक्षकांकडून विद्यार्थी जुजुत्सु आणि जुडो शिकले. जग म्हणजे केवळ इंग्लंड-अमेरिका, हे समीकरण येथे मोडले गेले. भारताने जगाकडून घ्यावयाचे आणि जगाला द्यावयाचे, अशा दोन्ही बाजूंनी हा व्यवहार कल्पिला होता. आजच्या शालेय परिभाषेतील ‘जागतिक’ हा शब्द मात्र बहुधा एकाच दिशेने वाहतो. परदेशी अभ्यासक्रम आणि परदेशी प्रमाणपत्र यांत त्याचा अर्थ संपतो, आणि शेजारील राष्ट्रांच्या भाषा वा इतिहास त्यात क्वचितच येतात.

दुसरे वैशिष्ट्य भाषेचे आहे, आणि प्रस्तुत विवेचनात त्यालाच सर्वाधिक वजन द्यावे लागेल. जगभर व्याख्याने देणाऱ्या, इंग्रजी ‘गीतांजली’मुळे १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या या कवीने लहान मुलांना अक्षरओळख करून देण्यासाठी १९३० साली ‘सहज पाठ’ हे बंगाली वाचनपुस्तक प्रसिद्ध केले. नंदलाल बसू यांच्या चित्रांनी ते सजले होते. १९३७ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांनी ‘विश्वपरिचय’ हे पुस्तक लिहिले आणि ते भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बसू यांना अर्पण केले. परमाणुलोकापासून नक्षत्रलोकापर्यंतचे आधुनिक विज्ञान सोप्या बंगालीत सांगणे हा त्या पुस्तकाचा उद्देश होता. विश्वाचा परिचय मातृभाषेतून होऊ शकतो, हे येथे घोषणेने सांगितलेले नाही. पुस्तक लिहून दाखविले आहे.

या उदाहरणाच्या प्रकाशात महाराष्ट्रातील भाषिक परिस्थिती पाहिली असता एक विसंगती नजरेस येते. अनेक मराठी शाळांनी पटसंख्या टिकविण्यासाठी सेमी-इंग्रजीचा मार्ग स्वीकारला आहे. त्यात गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविले जाते. इतिहास आणि भूगोल मराठीत राहतात. पालकांच्या या निवडीमागे उच्च शिक्षण आणि नोकरी यांची खरी निकड आहे. तिला केवळ मोह म्हणणे अन्यायाचे ठरेल. मात्र या विभागणीतून विद्यार्थ्याच्या मनावर एक अलिखित धडा कोरला जातो : मराठी ही भूतकाळाची भाषा आहे आणि इंग्रजी ही ज्ञानाची व भविष्याची. वारसा आणि विश्व यांची जी जोडणी धोरणाला अभिप्रेत आहे ती वेळापत्रकातच तोडली जाते. ज्या भाषेत नवे ज्ञान घडत नाही त्या भाषेतील वारसा हळूहळू केवळ स्मरणीय होतो; त्याला प्रश्न विचारण्याची किंवा त्याच्या आधारे प्रश्न विचारण्याची शक्ती क्षीण होते. इंग्रजीचे उत्तम अध्यापन आणि मराठीतून विज्ञानाचे अध्यापन यांत मूलतः विरोध नाही. विरोध आहे तो ज्ञानाची मक्तेदारी एका भाषेस देण्याशी.

समग्रतेची कसोटी

‘समग्र शिक्षण’ या संकल्पनेचा शांतिनिकेतनातील अर्थ विषयांची संख्या वाढविणे असा नव्हता. संगीत, चित्रकला, नाट्य आणि हस्तकौशल्य ही तेथे अभ्यासेतर अंगे मानली गेली नाहीत. १९१९ साली स्थापन झालेल्या कलाभवनाचे वातावरण शाळेच्या दैनंदिन जीवनात मिसळले होते. मूल जे शिकते ते त्याने गावे, रंगवावे, हाताने घडवावे आणि इतरांसोबत जगावे, अशी अपेक्षा होती.

या समग्रतेची कठोर परीक्षा १९१५ साली गांधीजींच्या मुक्कामात झाली. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमातील मुले त्याआधीच शांतिनिकेतनात आली होती आणि मराठी मातृभाषा असलेले काकासाहेब कालेलकर त्या वेळी तेथे अध्यापन करीत होते. विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी नोकरांवर अवलंबून न राहता स्वयंपाक आणि स्वच्छता स्वतः करावी, असे गांधीजींनी सुचविले. १० मार्च १९१५ रोजी हा उपक्रम सुरू झाला. तो फार काळ टिकला नाही, परंतु त्या दिवसाची स्मृती ‘गांधी पुण्याह’ म्हणून आजही पाळली जाते. वर्षभर जे चालू राहावयाचे होते त्याचा वार्षिक दिन झाला, ही बाब टीकाकाराच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. सौंदर्यदृष्टीची जोपासना करणाऱ्या शाळेलाही श्रमाची समानता पचविणे जड गेले. कलेला स्थान देणारी समग्रता तुलनेने सहज साध्य होते. झाडू आणि भांडी यांना स्थान देणारी समग्रता मात्र जातिव्यवस्थेच्या मुळाशी हात घालते.

प्रयोगाच्या मर्यादा

शांतिनिकेतनच्या मर्यादांची चर्चा करताना बाहेरच्या टीकाकारांकडे जाण्याची गरज भासत नाही. स्वतः रवींद्रनाथच या संस्थेचे कठोर समीक्षक होते. आरंभी शाळेत शुल्क घेतले जात नसे; आर्थिक ओढाताणीमुळे पुढे ते घ्यावे लागले, आणि त्याबरोबर विद्यार्थिवर्ग प्रामुख्याने सुशिक्षित मध्यमवर्गातून येऊ लागला. पालकांच्या आग्रहामुळे मॅट्रिकच्या परीक्षेची तयारीही करून घ्यावी लागली. पोपटाला शिक्षण देण्याच्या खटाटोपात सोन्याचा पिंजरा घडविणाऱ्या आणि त्याच्या घशात पोथ्यांची पाने कोंबणाऱ्या राजदरबाराची ‘तोताकाहिनी’ १९१८ साली लिहिणाऱ्या लेखकाच्याच शाळेत परीक्षेचा पिंजरा शिरला.

त्यावर उपाय म्हणून रवींद्रनाथांनी १९२४ साली ‘शिक्षासत्र’ ही वेगळी शाळा काढली. ती ग्रामीण भागातील गरीब मुलांसाठी होती. लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या सहकार्याने १९२२ साली सुरू झालेल्या श्रीनिकेतनच्या ग्रामपुनर्रचनेच्या कार्याशी ती जोडलेली होती. १९०६ साली रवींद्रनाथांनी पुत्र रथींद्रनाथ आणि संतोषचंद्र मजुमदार यांना कृषिशिक्षणासाठी अमेरिकेतील इलिनॉय येथे पाठविले होते. त्याच संतोषचंद्रांनी शिक्षासत्राची आरंभीची धुरा वाहिली. परदेशातून आणलेले ज्ञान बीरभूमच्या कोरड्या जमिनीत आणि तेथील मुलांच्या हातांत उतरावे, ही विश्वदृष्टीची कदाचित सर्वांत प्रामाणिक आवृत्ती होती. १९३७ साली एल्महर्स्ट यांना लिहिलेल्या पत्रात रवींद्रनाथांनी कबूल केले की, शांतिनिकेतनातील शाळा आणि महाविद्यालय दिवसेंदिवस देशातील इतर संस्थांसारखी होत चालली असून, शिक्षणदृष्ट्या शिक्षासत्रात त्यांना अधिक शक्यता दिसतात.

तरीही कीर्ती मिळाली ती शांतिनिकेतनला. शिक्षासत्र तुलनेने दुर्लक्षित राहिले. या अपयशाची जबाबदारी केवळ समाजावर टाकता येणार नाही. संस्थेचा डोलारा संस्थापकाच्या व्यक्तिमत्त्वावर पेलला गेला होता आणि शिक्षक घडविण्याची स्वतंत्र, टिकाऊ व्यवस्था त्या प्रमाणात उभी राहिली नाही. १९५१ साली विश्वभारतीला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये शांतिनिकेतनचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत झाला. जो प्रयोग वारशाला जिवंत ठेवण्यासाठी झाला तोच आता जतन करावयाचा वारसा ठरला आहे.

महाराष्ट्रातील धागे

शांतिनिकेतन हे एका प्रतिभावंताचे अपवादात्मक स्वप्न होते, ते सर्वसामान्य शाळांना लागू पडत नाही, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. महाराष्ट्रातील अनुभव या आक्षेपाला अंशतः उत्तर देतो. शांतिनिकेतनात कार्य केलेले मूळचे श्रीलंकेतील ई. डब्ल्यू. आर्यनायकम् आणि त्यांच्या पत्नी आशादेवी यांनी पुढे सेवाग्राम येथे नई तालीमचे नेतृत्व केले. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षण परिषदेनंतर हस्तोद्योगाला शिक्षणाचे माध्यम मानणारा जो विचार देशापुढे आला, त्याला शांतिनिकेतनच्या सौंदर्यदृष्टीचा स्पर्श या दांपत्यामुळे झाला.

याहून अधिक बोलके उदाहरण ताराबाई मोडक यांचे आहे. इटलीतील मारिया माँटेसरी यांची पद्धती गिजुभाई बधेका यांच्या सहवासात भावनगर येथे आत्मसात करून ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे गेले. माँटेसरीची महाग साधने आदिवासी पाड्यावर परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंखशिंपले, बिया, खडे, पाने अशी परिसरातील साधने आली. मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडी अंगणात गेली. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालविली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. येथे ‘जागतिक’ आणि ‘स्थानिक’ असे दोन कप्पे दिसतच नाहीत. बालकाच्या स्वातंत्र्याचे जगन्मान्य तत्त्व वारली मुलाच्या हातातील बीमध्ये उतरले आहे. वारसाही येथे ग्रंथांतून आलेला नाही, तो मुलाच्या परिसरातून आला आहे. या प्रयोगासाठी संपत्तीची अट नव्हती, ही बाब विशेषत्वाने नोंदविण्याजोगी आहे.

समकालीन धोरणाचा विचार

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेचे माध्यम, कला व हस्तकौशल्यांचा अभ्यासात अंतर्भाव आणि समग्र प्रगतिपत्रक अशा स्वागतार्ह तरतुदी आहेत. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने त्यांना अधिक तपशील दिला. परंतु वरील विवेचनाच्या आधारे दोन शंका उपस्थित होतात.

पहिली शंका मूल्यमापनाची आहे. मुलाच्या गायनाला, सहकार्यवृत्तीला, संवेदनशीलतेला श्रेणी देण्याची पद्धत रूढ झाली तर समग्र शिक्षणाची समग्र परीक्षा होण्याचा धोका संभवतो. पूर्वी पिंजऱ्याबाहेर राहिलेले कोपरेही मग पिंजऱ्यात येतील. दुसरी शंका वारशाच्या स्वरूपाविषयी आहे. भारतीय ज्ञानपरंपरेचा अभ्यास अभिमानासाठी होतो की चिकित्सेसाठी, यावर त्याची गुणवत्ता ठरेल. भास्कराचार्यांचे गणित शिकविताना ते कसे सिद्ध होते हे विचारणारा विद्यार्थी आणि ते आपले आहे म्हणून टाळी वाजविणारा विद्यार्थी, यांत पहिला विद्यार्थीच त्या परंपरेचा खरा वारस ठरतो. चार्वाकापासून जोतीराव फुल्यांपर्यंत परंपरेशी भांडणारे विचारवंतही याच वारशाचे घटक आहेत, याचे भान पाठ्यपुस्तकांनी राखणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

शांतिनिकेतनच्या चार दशकांच्या अनुभवातून पुढील निष्कर्ष काढता येतात. भारतीय वारसा आणि विश्वदृष्टी यांचा समन्वय बेरजेने होत नाही. परस्परांच्या कसोटीला उतरण्यातून तो घडतो. विश्वाच्या संपर्काने शांतिनिकेतनला आपल्या परंपरेतील भेदभावाचा फेरविचार करावा लागला, आणि परंपरेच्या आधारानेच त्याला युरोपातील राष्ट्रवादाला विरोध करण्याचे बळ मिळाले. या समन्वयासाठी मातृभाषा हे ज्ञाननिर्मितीचे माध्यम असणे अत्यावश्यक आहे. समग्रतेत कलेइतकेच श्रमालाही स्थान हवे. आणि ज्या शाळेत गावातील गरीब मूल पोहोचू शकत नाही तिची विश्वदृष्टी अपुरी आहे, हे शिक्षासत्र आणि कोसबाड यांनी दाखवून दिले आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांशी या चर्चेचा थेट संबंध आहे. शालेय शिक्षक महाविद्यालयांतूनच घडतात आणि मराठीतून विज्ञान, अर्थशास्त्र वा तंत्रज्ञान लिहू शकणारा वर्गही प्रामुख्याने तेथेच आहे. मराठी शाळेतील विद्यार्थ्याच्या हाती आजच्या विज्ञानाचा परिचय करून देणारी मराठी पुस्तके देणे, हे काम धोरणाच्या अंमलबजावणीची वाट न पाहता सुरू करता येण्यासारखे आहे.